एकाच भिंतीची दोन दुकानं

नीलास,

चिरंजीव लिहिणार होते. पेन टेकलंही होतं. मग म्हटलं, मेलेल्या बाईला चिरंजीव काय लिहायचं? प्रिय लिहायची मला सवय नाही, आणि मी तुला प्रिय म्हटलेलं वाचून तूच घाबरली असतीस. तेव्हा नुसतं नीलास. बाकीचं समजून घे.

चौथी पास बाई मी. एवढं मोठं पत्र तुझ्या सासऱ्यांनासुद्धा कधी लिहिलं नाही, आणि ते तर तेव्हा जिवंत होते. मग आजच का लिहितेय? सरकारने सांगितलं म्हणून! हसू नकोस. खरंच सांगितलं.

मागच्या आठवड्यात एंदो-सान नावाचा एक मनुष्य घरी आला. पोरसवदाच आहे. दारात वाकला, बूट काढून वाकला, बसायच्या आधी परत वाकला. मला वाटलं, याची कंबर धरलीय की काय! मिठाईचा खोका पुढे केला आणि इराशी बोलायला लागला. मधेमधे तुझं नाव ऐकू येत होतं, इथल्यासारखं ‘ल’चा ‘र’ करून. नीरा-सान, नीरा-सान. मी इराला विचारलं, "हा कुठला?" तर म्हणाली, "आजी, त्या कचेरीतला."

त्या म्हणजे कुठल्या, हे तुला सांगायला नको. दुसऱ्या कुणाच्या हाती हे पत्र पडलं तर कळावं म्हणून लिहिते. भूकंपानंतर छोट्या दुकानदारांना मदत देणारी कचेरी. जिने शेजारच्याला मदत दिली आणि तुला आल्या पावली परत पाठवलं, ती.

आता त्यांना तुझा सत्कार करायचाय! मोठ्या हॉलमध्ये भूकंपाच्या आठवणींचा कार्यक्रम आहे. त्या दिवसांत ज्यांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांभाळलं त्यांना आभारपत्र द्यायचं. तू मेलीस, म्हणून ते मी घ्यायचं. आणि इथली पद्धत तुला ठाऊक आहे, गेलेल्या माणसाला उद्देशून पत्र लिहितात आणि सगळ्यांसमोर वाचून दाखवतात. तर सासूने सुनेला पत्र लिहावं, नातीने ते जपानी करून वाचावं. तीन मिनिटांत बसलं पाहिजे. "आणि शक्यतो उबदार असावं," असं म्हणाला.

उबदार! पत्र हवंय का गोधडी?

"आजींनी साडी नेसून यावं, रंगीत असली तर फोटो छान येतील," हेही म्हणाला. मी इराला म्हटलं, "विचार त्याला, त्याची आजी किमोनो घालून कोपऱ्यावरच्या कोन्बिनी दुकानात दूध आणायला जाते का?" इरा त्याच्याकडे बघून काहीतरी गोड बोलली. तो खूश होऊन वाकला. मी चार वाक्यं बोलले की ही पोर एक सांगते, तेही धुऊन, वाळवून, घडी घालून.

शेवटी तुझं मोठं पातेलं मागितलं. काचेच्या कपाटात ठेवणार म्हणे. मी नाही म्हटलं. ते मात्र इराने न सांगताच त्याला कळलं.

तो गेल्यावर इराने माझे दोन्ही हात धरले. "आजी, प्लीज. तिथे काही बोलू नकोस. माझा अर्ज त्यांच्याचकडे आहे."

तुझ्या पोरीला दुकान काढायचंय, नीला. बागेजवळ एक लहानसा गाळा बघून ठेवलाय तिने. डबे करणार, बटाटेवडे विकणार. एवढी शिकली, बापासारखी नोकरी मिळाली असती, पण नाही. नवं दुकान काढणाऱ्याला सरकार हात देतं, तो हात मागायला ती त्याच कचेरीत, त्याच खिडकीशी गेलीय. उत्तर यायचंय. तोवर आजीने तोंड गोड ठेवायचं.

म्हणून मी त्यांच्यासाठी एक पत्र लिहून टाकलं. सकाळचा चहा निवायच्या आत झालंसुद्धा. त्यात तू देवता आहेस, शेजारी देवमाणसं आहेत आणि सरकार मायबाप आहे. ते इरा वाचेल, लोक डोळे पुसतील. हे दुसरं तुझ्यासाठी. यात कुणीच देवता नाही.

तू दुकान काढलंस तेव्हा मी काय म्हणाले होते, आठवतं? "बी.कॉम. होऊन पोळ्याच विकायच्या होत्या तर कल्याण काय वाईट होतं?" इथे ग्योतोकुला पुण्या-मुंबईची कॉम्प्युटरवाली पोरं राहायची, पावात केळं घालून जेवायची. तुला त्यांची कीव आली. आधी घरून डबे दिलेस, मग गाळा घेतलास. मी आले होते इराला सांभाळायला. कधी लाटणं हातात आलं ते मलाच कळलं नाही. तुझ्या पोळ्या वातड व्हायच्या म्हणून घेतलं, दुसरं काही नाही.

आणि तो शुक्रवार. दुपारची गर्दी संपली होती, मी संध्याकाळच्या पोळ्या लाटत होते. जमीन हलायला लागली तेव्हा मी आधी तुझ्यावरच ओरडले, कारण मला वाटलं तू फ्रीज ढकलतेयस. तू पहिल्यांदा गॅस बंद केलास, मग मला टेबलाखाली ओढलंस. सासूच्या आधी गॅस! पण बरोबर केलंस.

बाहेर आलो तर गल्लीत जमिनीतून काळं पाणी आणि वाळू वर येत होती, खाली कुणी आधण ठेवल्यासारखी. शेजारचे ओकादा-सान आपल्या केकच्या दुकानाच्या दारात उभे, डोक्यापासून पायापर्यंत क्रीम. तेवढ्यातही मला हसू आलं. मग त्यांनाही आलं.

त्यांचं दुकान आणि आपलं दुकान म्हणजे इमारत एक आणि मधे भिंत एक. दोघांनीही गाळे विकत घेतलेले. त्यांच्या भट्टीखालून जी भेग निघाली ती भिंतीखालून सरळ आपल्या मोरीपर्यंत आली. भेगेला काय कळतंय कुठली बाजू जपानी आणि कुठली इंडियन? दोन्हीकडची फरशी एकाच अंगाला कलली. आपल्याकडे टोमॅटो ठेवला की घरंगळत दाराशी जायचा, त्यांच्याकडे अंडं.

मग त्या अणुभट्टीच्या बातम्या सुरू झाल्या. कल्याणहून रोज फोन, परत या, परत या. प्रशांतच्या कंपनीने बायकापोरांना तिकिटं दिली. तो मला आणि इराला पोचवायला निघाला. तू विमानतळावर आलीस ती आम्हाला टाटा करायला! "आई, आपलं सिलेंडर भरलेलं आहे, तांदूळ-डाळ आहे. गल्लीत कुणाकडे गॅस नाही, नळाला पाणी नाही. मी कुठे येऊ?"

"सगळ्या जपानचं बाळंतपण तूच करणार आहेस का?" मी विचारलं.

तू नुसती हसलीस. तुझं ते हसणं! निम्मी भांडणं तू तेवढ्यावर जिंकलीस.

प्रशांत आम्हाला सोडून लगेच परत फिरला. तू त्या दिवसांत त्या मोठ्या पातेल्यात खिचडी शिजवलीस. मुगाची, पातळ, म्हाताऱ्यांना गिळवेल अशी. रांगेत उभं राहून टँकरचं पाणी आणायचं, शिजवायचं, वाटायचं. पैसे घेतले नाहीस. "अशा वेळी शिजवलेल्याचे पैसे घेतात का, आई?" असं मलाच फोनवर शिकवत होतीस. म्हातारे खिचडीला इंडियन पेज म्हणायचे आणि वाडगे घेऊन यायचे. त्या कचेरीतले लोकसुद्धा म्हाताऱ्यांना सांगायचे, गरम खायचं असेल तर त्या गल्लीतल्या बाईकडे जा. तेव्हा तुझा पत्ता त्यांना बरोबर सापडत होता!

आणि ओकादा-सान? शटर ओढलं आणि बायकोला घेऊन तिच्या माहेरी, ओसाकाला. मी नावं ठेवत नाही हं. म्हातारा घाबरला होता, बायकोला दमा. जाणारच. साकुराची फुलं गळून गेल्यावर परत आले.

मग मदत जाहीर झाली. ज्यांच्या दुकानाचं नुकसान झालं त्यांना दुरुस्तीसाठी सरकार हात देणार. मी आणि इरा तोवर कल्याणहून परत आलो होतो. ओकादा-सान एक दिवस आधी गेले, तू एक दिवस नंतर. तीच खिडकी, आत तोच माणूस.

त्यांना चहा मिळाला. हे त्यांनीच तुला सांगितलं. आपण काय सांगतोय ते बिचाऱ्याला कळलंही नाही. "ओसाकाला गेलो होतो म्हटलं तर म्हणाले, फार सोसलंत." फरशीचे फोटो बघितले, काम झालं.

तुझ्याकडे पासपोर्ट मागितले. सगळ्या घराचे! प्रशांतच्या, माझ्या, इराच्या पासपोर्टवर देशाबाहेर गेल्याचे शिक्के. "कुटुंब देश सोडून गेलं होतं," खिडकीतला म्हणाला. तू म्हणालीस, "मी गेले नाही. नवरा पोचवून लगेच परत आला." तर तो काय म्हणाला? "पण पुन्हा असं झालं तर जाल ना?"

याला काय उत्तर द्यायचं, सांग! जो गेला होता त्याला म्हणे 'सोसलंत', आणि जी राहिली तिला 'जाल ना'!

मग म्हणे, तुमचं दुकान तर चालूच होतं, लोक येऊन खात होते, मग नुकसान कसलं? म्हणजे शटर ओढून गेलेल्याचं नुकसान, आणि पदरचं शिजवून घालणारीचा धंदा! तू सांगितलंस, मी पैसे घेतले नाहीत. तर त्याचा पुरावा द्या. फुकट वाढलेल्या खिचडीची पावती कोण देतं, नीला? कुठल्या मुलखात देतात?

शेवटी म्हणाला, जपानी जामीन आणा, मग बघू. ओकादा-सानना कुणी जामीन मागितला होता? त्यांच्यासाठी तुझी सही कुणी मागितली होती?

इतकी वर्षं इथे कर भरलास. कायमचं राहायचं कार्ड पर्समध्ये. कचरा वेगळा करायचीस तो असा की दह्याच्या डब्याचं झाकणसुद्धा धुऊन वाळवून टाकायचीस. जपानी शेजारणी तुला विचारायला यायच्या, आज कुठला कचरा म्हणून. आणि तरी त्या खिडकीला तू पाहुणीच!

आणि तू काय केलंस? वाकलीस! आभार मानून आलीस! याचा मला अजून राग येतो. नाही म्हणणाऱ्याचे आभार मानतात? वर दुसऱ्या दिवशी त्याला डबा पाठवायला निघाली होतीस, "त्यांनाही त्रास झाला असेल हो, आई." मी तो डबा उघडून समोर बसून खाल्ला, म्हणून राहिला.

मला तू नेलंच नाहीस. "आई, तुम्ही तिथे काहीतरी बोलाल." बोललेच असते! "त्यांचे नियम असतील," हे तुझं पालुपद. नियम! भिंतीच्या या बाजूला लागतो आणि त्या बाजूला लागत नाही, त्याला नियम म्हणतात?

तू एकटी असतीस तर म्हटलं असतं, नशीब. पण स्टेशनपलीकडचा नेपाळी हॉटेलवाला तसाच हात हलवत आला. कपडे शिवणारी ती चिनी बाई, जिचे केस याच गल्लीत पिकले, तीही. सगळ्यांना जामीन हवा, सगळ्यांना 'पुढे जाल ना'. तोंडावर वाईटसाईट कुणी बोललं नाही हं! इथे अपमानसुद्धा दोन्ही हातांनी देतात.

पावसाळा सरला आणि ओकादा-सानांकडे कारागीर आले. फरशी उखडली, भेग भरली, सगळं सपाट केलं. भिंतीपाशी आले आणि थांबले. मी बघत उभी होते. अर्धी भेग सरकारची, अर्धी आपली! मुकादमाने मला बघून मान खाली घातली. त्याचा काय दोष? त्याला भिंतीपर्यंतचंच काम सांगितलेलं.

बऱ्याच दिवसांनी ओकादा-सान मला म्हणाले, मधे इरा, "नीरा-सानने विचारलं असतं तर मी जामीन राहिलो असतो." मी विचारलं, "मग तुम्ही होऊन का नाही म्हणालात?" हे मात्र इराने जसंच्या तसं सांगितलं. म्हातारा तसा चांगला माणूस आहे. चांगली माणसं गप्प बसतात म्हणून तर खिडकीतल्यांचं फावतं.

आणि तू का नाही विचारलंस ग? "शेजाऱ्यापुढे पदर कसा पसरू, आई?" पदर! अंगात जीन्स.

मग त्या कललेल्या फरशीवर तू दुकान चालवलंस. शेगडीच्या एका पायाखाली लाकडाचा तुकडा. आमटी नेहमी एकाच बाजूने उतू जायची. मोरीचं पाणी उलटं यायचं, वास यायचा. गिऱ्हाइकं सभ्य, तक्रार कुणी केली नाही, यायची तेवढी बंद झाली. तपासनीस आला, तोही सभ्य. फरशी नीट करा नाहीतर दुकान बंद करा. तू बंद केलंस. शटर ओढलंस त्या दिवशी ओकादा-सानांकडे कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक घ्यायला माणसं रस्त्यापर्यंत उभी होती.

आणि मालकीणबाई गेल्या अरुबाइतोला, तासाच्या मजुरीला! डबे भरायच्या कारखान्यात, थंड खोलीत उभं राहून. भाताच्या कडेला लोणच्याचा तुकडा ठेवायचा, पट्टा सरकायचा, पुन्हा लोणच्याचा तुकडा. जिने सगळी गल्ली जेवू घातली तिला एवढंच काम! घरी यायचीस तेव्हा बोटं बर्फ झालेली. मी तेल चोळायला बसले की म्हणायचीस, "राहू द्या, तुम्ही फार जोरात चोळता."

सरकारने तुला मारलं असं मी म्हणणार नाही. पोटातल्या रोगाने मारलं. डॉक्टर चांगले होते, तिथे कुणी जामीन मागितला नाही. पण दुकानाची मालकीण होतीस ती दुसऱ्याच्या पट्ट्यावर लोणचं मांडत संपलीस, हे त्यांनी केलं. हे मी सोडणार नाही.

हॉस्पिटलात तू मला एकदा विचारलंस, "आई, खिचडीचे पैसे घ्यायला हवे होते का हो?" मी म्हटलं, "झोप." दुसरं काय सांगणार होते? हो म्हटलं असतं तर तुझं सगळं केलेलं पाण्यात. नाही म्हटलं असतं तर तू परत हसली असतीस, आणि ते मला तेव्हा बघवलं नसतं. माणसाने अन्न वाटावं आणि मरताना ते चुकलं का म्हणून विचारावं! असला प्रश्न तुझ्या तोंडी आणणाऱ्यांकडून मी आभारपत्र घेऊ?

इथवर काल लिहिलं. पुढचं आजचं.

सकाळी मी बाल्कनीत कपडे वाळत घालत होते. आत आले तर तुझी पोर हे पत्र घेऊन बसलेली. तू शिकवलेली अक्षरं अजून ओळखते, पण ओळीखाली बोट ठेवून, ओठ हलवत. मी समोर बसून फरसबी मोडली. सगळी मोडून झाली तरी तिचं चाललेलंच.

"दुसऱ्याचं पत्र वाचतेस? लाज नाही वाटत?" मी विचारलं.

"आईचं आहे. दुसऱ्याचं नाहीये."

"तिथे वाचायचं पत्र ते नाही. ते फ्रीजवर लावलंय."

"तेही वाचलं. आजी, त्यात आई कुठेय?" मग म्हणाली, "मी हेच वाचणार."

"डोकं फिरलंय का? तुझा अर्ज आहे तिकडे!"

ती काहीतरी जपानीत पुटपुटली. मी म्हटलं, मराठीत बोल. "अर्ज नाहीये आता. नाही म्हणाले ते. सोमवारीच."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू हॉलमध्ये आली असतीस?"

"पाय ठेवला नसता."

"म्हणूनच. मला त्या स्टेजवर आईचं नाव हवं होतं. आपल्या तोंडून."

मी विचारलं, काय कारण दिलं? तर खिडकीत आता माणूस दुसरा आहे, पण विचारलं तेच. कुटुंब परत कधी जाणार? ही म्हणाली, मी इथेच स्टेशनमागच्या हॉस्पिटलात जन्मले, परत म्हणजे कुठे? तो म्हणाला, हो हो, पण पुढे? आणि जपानी जामीन आहे का? आता ओकादा-सानांची तब्येत अशी की त्यांना काय विचारायचं!

"मग तू काय केलंस?"

मान खाली घालून म्हणाली, "थँक यू म्हटलं."

नीला, तुझीच पोर! नाक तुझं, हात तुझे, आणि हेही तुझंच घ्यायचं होतं?

पण मग तिने डोळे पुसले आणि मला विचारलं, "आजी, सासू-सुनेच्या भांडणाचं गाळू का?" मी म्हटलं, "काही गाळायचं नाही. पोळ्या वातड होत्या तेही राहू दे." प्रशांत दारात उभा राहून ऐकत होता. गेली कित्येक वर्षं हा माणूस त्या खिडकीचं नाव काढलं की उठून जातो. आज उठून गेला नाही. म्हणाला, "तिकिटाचं पण राहू दे. माझ्या पासपोर्टवरच्या शिक्क्याचंही."

आणखी चार दिवस मधे गेले. हा तुकडा जोडतेय, कारण निकाल लागला.

इराने सगळं पत्र जपानी करून एंदो-सानना पाठवलं. आधी दाखवायची पद्धत आहे. त्यांचा फोन आला. फार आवडलं म्हणाले, तीन मिनिटांचंही बघून घेऊ म्हणाले. काळजाला भिडलं. फक्त भिंतीचा भाग, खिडकीचा भाग, पासपोर्टचा आणि जामिनाचा भाग जरा काढता आला तर.

"मग उरतं काय?" मी विचारलं.

इराने विचार केला. "गॅस बंद केला. आणि खिचडी."

"आणि तू काय म्हणालीस त्याला?"

"इया देस, म्हटलं."

तुला कळेल, मला तिने समजावून सांगावं लागलं. लहान मूल औषधाचा चमचा ढकलून नको म्हणतं ना, तसं. मोठी माणसं कचेरीतल्या लोकांशी असं बोलत नाहीत म्हणे इथे. एंदो-सान म्हणाले, आभारपत्र टपालाने येईल. आवाज पडला होता त्याचा. वाईट पोरगा नाही तो, पण मी काय त्याची आई आहे?

तर कार्यक्रम होईल, तुझं नाव तिथे कुणी घेणार नाही. वाईट वाटून घेऊ नकोस. खरं म्हणजे घे. जरा घे. वाईट न वाटून घेण्यातच तुझं आयुष्य गेलं.

आता एक वचन देते. मी सहसा देत नाही, दिलं की पाळावं लागतं.

इरा पुन्हा अर्ज करणार आहे. बागेजवळचा तो गाळा अजून रिकामा आहे. या वेळी ती खिडकीशी एकटी जाणार नाही, मी बरोबर जाणार. रंगीत साडी नेसून जाईन, फोटो काढायचे असतील तर काढू देत. डबा नेईन, पाणी नेईन, खुर्ची ओढून अगदी समोर बसेन. पोरीने आभार मानायला मान खाली घातली की खालून चिमटा काढेन. आत बसलेला माणूस हसेल, वाकेल, गोड आवाजात नाही म्हणेल. म्हणू दे त्याला हवं तितक्यांदा. मला जपानी कळत नाही, नीला. त्याचं नाही मला समजणार नाही, आणि समजल्याशिवाय मी तिथून उठणार नाही.

तुझी सासू,
सुमन